भानुदासच्या पायाखालचा माऊस

किस्से साठतात कसे, तर कांदाचाळीतल्या कांद्यांसारखे. समोरचे चार ओढायला जावं आणि मागचा ढीग गडगडत पायाशी यावा! ओतूरला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि त्याच खोलीत लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान. तेव्हाचे किस्से एवढे आहेत, की निवडूनच सांगावे लागतील. आज फक्त एका माऊसचे सांगते.

मला सगळे आक्का म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण मला कुणी दिलं नाही, मी घेतलं! इंग्रजी शिकले ती शिवणयंत्राच्या माहितीपुस्तकातून. त्यामुळे मला 'टेन्शन' आणि 'बॉबिन' आधी आलं, 'गुड मॉर्निंग' फार नंतर.

शिवणक्लास चालवता चालवता नव्वदचं दशक संपायला आलं, आणि मी कॉम्प्युटर आणला. पुण्याहून मशीन जोडायला आलेले साहेब दारातच विचारतात, "मालक कुठे आहेत?"

"समोर आहेत."

"तसं नाही. म्हणजे, हे चालवणार कोण?"

"तेही समोरच आहेत."

साहेबांनी घाम पुसला. "आजी, फार नाजूक वस्तू असते ही."

म्हटलं, "बाबा, मी नवरीच्या चोळ्या शिवते आणि वर तिच्या सासूची बोलणी खाते. त्याच्याहून नाजूक आहे का?"

मुकाट्यानं जोडून गेले!

*

भानुदास निमगाव सावाचा. कडबाकुट्टीच्या यंत्रात दोन्ही हात गेले होते, कोपराच्या वरपर्यंत. त्याआधी लग्नघरांच्या भिंतींवर नवरानवरीची नावं रंगवायचा. अक्षर असं, की लोक लेकरांची लग्नं झाली तरी भिंत पुसत नसत. त्याची बायको माझ्याकडे शिवण शिकायला यायची, आणि हा कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरकडे टक लावून बघायचा.

एक दिवस म्हणतो, "आक्का, त्यो माऊस खाली जमिनीवर ठिवला तर चालंल का?"

"चालेल की! त्याला काय टेबलाचं सोवळं आहे?"

तो उठला, बाहेरच्या नळावर गेला, पायानं पाय चोळून धुतले आणि येऊन खुर्चीत बसला. मी पाट मांडला, त्यावर माऊस ठेवला. त्यानं उजवा पाय असा ठेवला, जसा आपण लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो. बाण हलला. भानुदासनं तो परत एकदा हलवून पाहिला. त्याची बायको मात्र हातातली कात्री टाकून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

वर्षभरात माझ्या दुकानातल्या पत्रिका तोच करू लागला. वेल, बुट्टी, नावांची मांडणी, सगळं पायानं!

मग वारूळवाडीचे एक पाहुणे आले. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि भडकलेच. "पत्रिकेवर देवाचं नाव असतं, आन् तुमी तिला पाय लावता?"

भानुदासनं पाय काढून घेतला. माझं डोकं सटकलं.

"पाहुणं, कुंभार माती कशानं तुडवतो?"

"पायानं."

"आणि घट कशाचा बसवता?"

पाहुण्यांनी खुर्ची ओढली. वर भानुदासला म्हणाले, "गणपती जरा मोठा घ्या."

*

दोन हजार साल उलटलं आणि त्या माऊसच्या अंगात येऊ लागलं. भानुदास शांतपणे काम करतोय, मध्येच बाण उसळी मारून कोपऱ्यात! आपोआप चौकटी उघडतात, मिटतात, नवऱ्या मुलाचं नाव नवरीच्या मामाच्या डोक्यावर जाऊन बसतं.

आमचा विलास म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा. गावातलं जे काही विजेवर चालतं, त्याचा तो वैद्य. त्यानं माऊसची गोळी पुसली. माऊस बदलला. कॉम्प्युटरचा डबा खाली भानुदासच्या पायाशी आणून ठेवला, म्हणजे वायर ताणायला नको. वेड कमी झालं, गेलं नाही.

शेवटी विलासनं निदान केलं. "ही समोरची गिरणी हाय ना, तिच्या मोटरीनं करंट खराब व्हतो. लई मोठी मोटर हाय."

गिरणी कौसाबाईची. मी गेले, म्हटलं, "कौसे, एक दिवस गिरणी बंद ठेव. आम्हाला तपासायचंय."

कौसाबाईनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "ठिवते. तुजा शबूद मोडत न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद. गल्लीत एवढी शांतता, की कोंबडी चालली तरी ऐकू यावी. आणि माऊसच्या अंगात आलंच! आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच दारात कौसाबाई. तिच्या मागं अख्ख्या गल्लीतल्या बाया, प्रत्येकीच्या काखेत बाजरीचा डबा.

कौसाबाई म्हणाली, "आता दळ तुज्या कम्प्युटरवर!"

*

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? माऊसची वायर मागून उपसायची, परत खोचायची, की वेड जातं. आम्ही सगळे तेच करत होतो.

पण ती उपसायला हात लागतात.

भानुदासनं पायाच्या बोटांनी एकदा प्रयत्न केला, तर आतल्या पिना वाकल्या. बंद करून चालू करणं त्याला जमायचं, अंगठ्यानं बटण दाबायचा, पण मग केलेलं काम पुसून जायचं. म्हणून तो हाक मारायचा. "आक्का, जरा बघता का?" दिवसातून कितीदा तरी. पुढे पुढे हाक कमी झाली. मला वाटलं, माऊस सुधारला.

एक दिवस मी बाजारातून आले, तर दुकानात तो एकटाच. समोर अर्धी पत्रिका, बाण कोपऱ्यात अडकलेला.

"काय रे, काम थांबवलंस?"

"नाय, जरा इचार करतोय."

चहाचा कप समोर तसाच, वर साय धरलेली. चहा ठेवून मी गेले होते तेव्हापासून तो तिथंच बसून होता. शेजारी हाक मारली असती तर माणूस आलं असतं. मारली नव्हती.

मी वायर काढून घातली. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "आक्का, पत्रिका मी करतो, आन् दर घडीला मशीन दुसऱ्यानं उठवायचं. मंग ही पत्रिका माजी कशी? दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर घरी बसंन. कांद्याची राखण करायला हात लागत नाय."

मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं कुणावर?

*

ओरडायला माणूस होतं! मंदा.

मंदा आंबेगावच्या पश्चिमेची, डोंगरातली. घरची भातखाचरं आणि नाचणी. ओतूरच्या कॉलेजात होती आणि माझ्याकडे टायपिंग शिकायला आली. महिनाभरात म्हणाली, "टायपिंग आलं. आता ह्याच्या आत काय हाय ते दाखवा."

"आत मला तरी कुठं माहितीय?"

"मंग बघू की दोघी!"

तिनंच कुणाकडून तरी लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सीडी आणली आणि आमच्या मशीनवर चढवली. फुकट मिळायची, आणि तिचा आतला सगळा प्रोग्राम उघडून वाचता यायचा. पोरगी प्रोग्राम लिहायची सी भाषा शिकली ती पुस्तकाची पानं सुटेपर्यंत वाचून. भानुदाससाठी तिनं एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अक्षरं मांडलेली, 'श्री.', 'सौ.', 'चि.', 'कै.' असे तयार तुकडे बाजूला. बटण दाबून तुकडा धरायचा, ओढत न्यायचा, हव्या त्या नावापुढं सोडायचा. की-बोर्डची गरजच नाही!

नम्रता म्हणाल, तर मंदाच्या वाट्याला आलीच नव्हती. मी म्हटलं, "मंदे, भानुदास दिवाळीनंतर येणार नाही म्हणतो. माऊसमुळं."

ती म्हणाली, "माज्या प्रोग्रामवर काम करतो आन् माऊसमुळं जातो? जाऊन दाखवू दे!"

मशीन स्वतःच्या तक्रारी एका जागी लिहून ठेवतं. तिथं मंदाला माऊसची ओळ दिसली. अर्थ असा, की माऊसचा मेळ सुटला आहे, आलेलं काही फेकून देत आहे. मेळ म्हणजे कसला, हे काही मला उलगडेना. मग मंदानं मला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

"आक्का, मासवडीची पंगत बसलीय. तीन वाढपी एकामागं एक. पहिला भाकरी, दुसरा मासवडी, तिसरा रस्सा. जेवणारा आंधळा. तो पहिल्यापुढं पत्रावळ धरतो, दुसऱ्यापुढं ताटली, तिसऱ्यापुढं द्रोण. माऊस पण दर हालचालीला तीन आकडे धाडतो. पहिला बटणाचा, दुसरा आडव्या चालीचा, तिसरा उभ्या चालीचा. आन् ते आकडे वाचणारा मशीनमधला प्रोग्राम, ड्रायव्हर, म्हणजे आपला आंधळा जेवणारा."

"बरं मग?"

"वायरीला हिसका बसला आन् भाकरीवाला वाटेत गळाला, तर?"

मी डोळ्यांपुढं आणलं. मासवडी पत्रावळीवर, रस्सा ताटलीत, आणि पुढच्या फेरीची भाकरी द्रोणात!

"अगं, मग तिथून पुढं सगळी पंगतच वाकडी!"

"हां! मशीनला एवढं कळतं, की काय तरी चुकलं. म्हणून ते वाढलेलं फेकतं. पण किती फेकायचं, हे त्याला लवकर उमगत नाय."

चाळीस वर्षं मी पंगती वाढल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, की तेच ड्रायव्हरचं शास्त्र आहे!

*

मंदानं ड्रायव्हर उघडला. शेजारी मी डिक्शनरी घेऊन. पहिला उपाय तिनं धडाक्यात केला. मेळ सुटला, की माऊसला सरळ नव्यानं सुरू करायचं. वायर उपसून खोचण्याचंच काम, फक्त हात न लावता. बाण उसळला, क्षणभर मेला आणि जागेवर आला. विलासनं टाळ्या वाजवल्या. आम्ही पेढे खाल्ले.

पेढे लवकर खाल्ले.

कारण माऊस नव्यानं सुरू झाला, की तो समजायचा बटण सुटलं! भानुदास एका पत्रिकेवर 'कै.' हा तुकडा ओढत नवरदेवाच्या पणजोबांकडे निघाला होता. वाटेत मेळ सुटला, तुकडा खाली पडला, तो नेमका आजोबांच्या नावापुढं. नावांची गर्दी एवढी होती, की कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिका छापून गेल्या.

चौथ्या दिवशी आजोबा स्वतः दुकानात! फेटा, काठी, सगळं जिवंत.

मी हात जोडले. "चूक आमची. पत्रिका परत द्या, सगळ्या नव्यानं छापून देते."

म्हातारा खुर्चीत बसला, काठीवर हनुवटी टेकवली. "अजिबात नको."

"अहो, पण..."

"निम्म्या वाटून झाल्यात. निम्म्या आजच वाटतो. कोण कोण रडतं, ते मला बघायचंय!"

*

आजोबा हसले, गाव हसलं. भानुदास हसला नाही. मंदाही नाही. तिनं आपला उपाय पुसून टाकला आणि पाटासमोर जमिनीवर बसली. कॉम्प्युटरकडे बघेना, भानुदासच्या पायाकडेच बघत राहिली.

"दादा, तुमी मधीमधी थांबता का?"

"पाय उचलावा लागतो की. पाय हाय त्यो, पंखा न्हाई."

मंदा ताडकन उठली. "आक्का, पंगतीत वाढपी थांबले आन् परत आले, तर आधी कोण येतं?"

"भाकरीवाला. दुसरं कोण?"

"बस्स!"

तेच तिनं लिहिलं. मेळ सुटला तर घाबरायचं नाही. अर्धवट आलेलं सोडून द्यायचं, पायाची उसंत पडायची वाट बघायची, आणि उसंतीनंतर जे पहिलं येईल ती भाकरी धरायची. तोवर बटण दाबलेलं होतं तर दाबलेलंच समजायचं, हातातला तुकडा सोडायचा नाही. एवढ्यानं जमलं नाही, तरच माऊसला नव्यानं सुरू करायचं.

सांगायला सोपं. करता करता तिला दिवाळीचं तोंड दिसू लागलं. कॉलेज बुडवलं, माझ्या शिव्या खाल्ल्या, मला उलट दिल्या. शेवटी एका दुपारी तिनं विलासला डब्यामागं बसवलं. "मी सांगंन तवा वायरीला हिसका द्या. दादा, तुमी 'कै.' धरा आन् चाला."

विलासनं हिसका दिला. बाण उसळला, 'कै.' थरथरला. भानुदासचा पाय क्षणभर थांबला, उचलला, टेकला. आणि तुकडा धरलेला तसाच पुढं निघाला!

"परत द्या हिसका!" भानुदास म्हणाला. परत दिला. "अजून द्या!" विलास देऊन देऊन दमला. भानुदास दमेना.

त्या दिवाळीला त्यानं घरी बसायचा विषय काढला नाही. पण मनातून कितपत गेलाय, ते मला कळत नव्हतं. कारण दुकानात अजून सगळ्यांची खोड तीच. बाण जरा हलला, की तीन माणसं वायरीकडे धावायची.  तो पाय पाटावरून काढून घ्यायचा.

*

मंदानं आपलं काम परदेशातल्या, ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळींना ई-मेलनं धाडलं. ओतूरच्या सायबर कॅफेतून. मी म्हटलं, "अगं, ते वाचतील तरी का?"

"न वाचून जातील कुठं? चुकतंय त्यांचं!"

उत्तर आलं! अगदी सभ्य. कल्पना बरी आहे, पण आमच्याकडे हा घोटाळा मुद्दाम करून बघता येत नाही. तुम्ही तो हुकमी कसा घडवता?

विलासचे हिसके सांगायचे सोडून मंदानं खरं होतं ते लिहिलं. व्याकरण मी तपासलं. 'आमच्याकडे एक कलाकार पायानं काम करतात. आम्ही त्यांना सांगतो, की नवऱ्या मुलाचा बाप दारात उभा आहे. मग ते घाई करतात आणि मेळ लगेच सुटतो.'

परत उत्तर आलं. 'धन्यवाद. आमच्या ऑफिसात नवऱ्या मुलाचा बाप उपलब्ध नाही. दुसरी काही पद्धत आहे का?'

शेवटी त्यांनी तिचं थोडं घेतलं, बरंचसं बदललं. अभिनंदन केलं तर मंदा फणकारली, "टाकलं तेच चांगलं व्हतं!"

*

पुढं माझा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन पुण्यात. मंदा भात कापणीला गावी गेलेली, विलास सासुरवाडीला. म्हटलं, "भानुदास, मी येईपर्यंत दुकान बंद ठेवू."

"का? कुलूप आजारी हाय का?"

"अरे, तू एकटा..."

"कौसाबाई शटर उघडंल. बाकी काय लागतं?"

मी चावी कौसाबाईच्या हातात दिली. हे माझ्याकडून क्वचित होतं.

पुण्याहून आले ती एसटी स्टँडवरून घरी न जाता सरळ दुकानात. डोळ्याला हिरवं फडकं. दुकान गच्च भरलेलं. वाकलेली, डोकावणारी माणसं, आणि मध्ये भानुदास, पाय पाटावर. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. एका नवरीचं नाव ओढत नेत होता.

आणि बाण उसळला.

माझा हात आपोआप डब्यामागच्या वायरीकडे गेला. वाकता वाकता डोळ्यासमोर पडद्याच्या वर चिकटवलेला कागद. भानुदासच्याच वळणाची, ठसठशीत अक्षरं. एका डोळ्यानं वाचली.

'माऊस भरकटल्यास कोणीही हात लावू नये. तो आपला आपण परत येतो.'

खाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती.

'ही सूचना आक्कांनाही लागू.'

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. भानुदास पडद्याकडे. त्यानं पाय उचलला. टेकला.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.